आमचं स्वतंत्र असतं!

पुण्यात कोणी प्रवासाला निघालं की "कुठे?"च्या पाठोपाठ "कोणाबरोबर?" येतंच. उत्तरात एखाद्या सहल कंपनीचं नाव अपेक्षित असतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले बी विंगचे काका मात्र हा प्रश्न आला की चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात, पुन्हा चढवतात आणि म्हणतात, "कोणाबरोबर म्हणजे? आमचं स्वतंत्र असतं."

सूर असा, की ऐकणाऱ्याला आपलं आजवरचं सगळं फिरणं मेंढरांच्या कळपातलं वाटावं.

असे काका सोसायटीगणिक एक तरी असतात. बहुतेक निवृत्त, आणि बहुतेक हिशेबाच्या खात्यातले. आमचे काका लष्कराच्या हिशेब खात्यात होते. कोण साहेब कुठून कुठे गेला, कोणत्या वर्गानं गेला आणि मुळात गेला का, हे तपासण्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर आयुष्यात एकदाच एका मोठ्या कंपनीबरोबर ते सहलीला गेले आणि ऑडिटचा शेरा मारून परत आले. पिवळी टोपी घालायची नाही. बसमध्ये अंताक्षरी खेळायची नाही. काल पुढे बसलेल्यांनी आज मागे बसायचं, या सीट रोटेशनमध्ये खिडकी कधी येणार याचं कोष्टक आधी मिळत नाही. आणि सर्वांत मोठा आक्षेप 'सहा-सात-आठ'वर. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. "अहो, मी काय एन.सी.सी.त आहे?"

तेव्हापासून स्वतंत्र.

स्वतंत्र सहलीची एक अडचण मात्र असते. गाडीचं भाडं माणसांवर नसतं, गाडीवर असतं. दोघांनी भरायचं तर स्वातंत्र्य महाग पडतं, चौघांत परवडतं. म्हणून काका निघण्याआधी दोन भागीदार गाठतात. गेल्या डिसेंबरात अंदमानसाठी आम्ही नवरा-बायको त्यांच्या हाती लागलो.

तयारी गणपतीपासून सुरू झाली. लेस बांधायची पुठ्ठ्याची फाइल निघाली. तिच्यात तक्ते, नकाशे, बोटींच्या वेळा. पानापानावर 'पोर्ट ब्लेअर' खोडून लाल शाईनं 'श्री विजयपुरम' केलेलं, कारण 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं नाव बदललं आणि जुन्या नावानं काढलेली नोंद काकांना चालत नाही. ब्लेअर हा बॉम्बे मरीनचा अधिकारी, 1789 मध्ये तिथे पहिली इंग्रज वसाहत त्यानं उभारली, हे वाचल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मुंबईवाला. तरीच." विमानात पंधराच किलो नेता येतं म्हणून सामान कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजलं गेलं. 'माझी जन्मठेप' ठेवायची की काकूंचं मेतकूट, यावर तिथेच वाद झाला. रद्दीवाल्यानं पुस्तकाचा भाव सांगितला, तेव्हा तो मिटला.

मग आला हाफ डेचा फोन. बेटाच्या किनाऱ्यानं कॉर्बिन्स कोव्ह आणि पुढे चिडिया टापू, खासगी गाडी, अर्धा दिवस, असा कार्यक्रम. तिकडचा गाडीवाला म्हणाला, "हाफ डे मतलब चार घंटा, साठ किलोमीटर."

"चार कैसे? दिवस कितने घंटे का होता है?"

"चौबीस, अंकल."

"तो अर्धा बारा का हुआ."

गाडीवाला गप्प झाला. तो फोन ठेवेल की काय, असं मला वाटलं. पण काकांनी मोठ्या मनानं तडजोड केली. रात्र सोडून देऊ, उजेडाचाच दिवस धरू. डिसेंबरात तिकडे दिवस साधारण साडेअकरा तासांचा, त्याचा अर्धा पावणेसहा. पाव तास त्यांनी गाडीवाल्याला माफ केला. सौदा साडेपाच तासांवर ठरला. साठ किलोमीटर मात्र तेवढेच राहिले, आणि ते आपल्या लक्षात आलं नाही असं काका अजूनही मान्य करत नाहीत.

अंदमानात पहिल्याच संध्याकाळी पाचला अंधारून आलं. तिथलं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. पुणं चौऱ्याहत्तर रेखांशाच्या आसपास, अंदमानचं हे शहर त्र्याण्णवच्या. एकोणीस अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तास. काकांनी रात्री हॉटेलच्या लेटरहेडवर गणित मांडलं आणि आम्हा तिघांना वेळापत्रक दिलं. उठणं पावणेपाच, नाश्ता पावणेसहा, निघणं पावणेसात. माझ्या बायकोनं हळूच विचारलं, "काका, हे सहा-सात-आठच झालं ना?"

"छे! हे सूर्याप्रमाणे आहे."

सकाळी सेल्युलर जेल झाला. 1906 साली पुऱ्या झालेल्या या तुरुंगाची पाखं सात होती, आता तीन उरली आहेत. काकांनी गाइड घेतला नाही, त्यामुळे चार गाइडांचं बोलणं चारी बाजूंनी कानावर पडत होतं आणि काका प्रत्येकातल्या चुका काढत होते. सावरकर 1911 च्या जुलैत आले, थोरले बंधू बाबाराव आधीच इथे होते आणि कितीतरी काळ एकाच तुरुंगात असून दोघांची गाठ पडू दिली नव्हती, हे त्यांनी एका अनोळखी गुजराती कुटुंबाला थांबवून सांगितलं. वरच्या मजल्यावर टोकाच्या त्या कोठडीपाशी मात्र ते चष्मा न पुसता उभे राहिले, आणि बराच वेळ फाइलही उघडली नाही.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली आपल्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. 28 मेला बघायला उघडतात. लग्न झाल्यापासून म्हणताय, जाऊ."

"ती कुठे पळून जातेय?" काका म्हणाले.

दुपारी बाराला गाडी आली. ड्रायव्हर तरुण, मूळचा रांचीकडचा. आजोबा जंगलतोडीच्या कामावर आलेले, तेव्हापासून घर इथेच. तो सारखा 'पोर्ट ब्लेअर' म्हणे आणि काका सारखे 'श्री विजयपुरम' दुरुस्त करत. शेवटी तो म्हणाला, "अंकल, दोनों एक ही है, जाना किधर है बोलो." गाडीत बसण्याची जागा ठरलेली होती. पुढची खिडकी काकांची, कारण नकाशा त्यांच्याकडे.

पहिला थांबा मरीना पार्कजवळ समुद्राच्या कडेला. काकांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून वीस रुपयांची जुनी लाल नोट काढली. त्या नोटेच्या मागे नारळीची झाडं, समुद्र आणि दूर दीपगृह आहे, ते चित्र इथलंच, नॉर्थ बेचं. काकांनी नोट समोर धरली, एक डोळा मिटला, नोट थोडी डावीकडे नेली, थोडी वर. दीपगृह काही जागेवर बसेना.

"ऐसा नहीं दिखेगा," ड्रायव्हर म्हणाला. "वो फोटो माउंट हॅरिएट से है. चाथम से बोट, फिर उधर दूसरी गाडी. अलग पॅकेज है."

काकांनी दर विचारला. ऐकला. नोट पाकिटात गेली. "वीस रुपयांची नोट बघायला हजारावर रुपये? 2019 च्या नव्या नोटेवर वेरूळ आहे. तिथे एसटी जाते."

पुढे किनाऱ्याचा रस्ता लागला. एका बाजूला निळं, मग हिरवं, मग पुन्हा निळं पाणी, दुसऱ्या बाजूला नारळ, आणि रस्त्याच्या कडेला महायुद्धातले जपानी बंकर. 1942 ते 1945 ही बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. सगळ्या सहलीतला हाच सर्वांत देखणा तुकडा. पण घड्याळात सव्वाबारा झाले होते. कोथरूडला काका दीडला आडवे होतात. त्यातून सव्वा तास वजा करा.

"आता कोणी बोलू नका," ते म्हणाले आणि मान टेकवून झोपले.

आम्ही तिघांनी तो किनारा तोंडानं एक शब्द न काढता पाहिला. काकूंनी खिडकीबाहेर हात काढून वाऱ्यात धरला होता. कॉर्बिन्स कोव्हला उतरून नारळपाणी पिऊन आलो, तरी काकांचा डोळा लागलेलाच. जागे झाले तेव्हा गाडी आत वळून चिडिया टापूच्या रस्त्याला लागली होती.

"बंकर?"

"वो तो निकल गया, अंकल."

"निकल गया कैसे? यादी में है!"

यादीतली गोष्ट राहिली तर बिल पास होत नाही. गाडी मागे फिरली. काका बंकरपाशी उतरले, आत डोकावले, भिंतीची जाडी वितीनं मोजली, यादीवर बरोबरची खूण केली आणि परत येऊन बसले. समुद्राकडे त्यांची पाठ होती.

या फेऱ्यात गाडीवाल्याचे साठ किलोमीटर डळमळू लागले. उरलेल्या वाटेवर काकांचं एक लक्ष बाहेर आणि एक मीटरवर. मध्येच 'कालिकत' अशी पाटी आली आणि ते उसळले. केरळात 1921 च्या मोपला उठावानंतर तिकडच्या कैद्यांना इथे पाठवलं. त्यांनी वसवलेल्या गावांना मंजेरी, वंडूर अशी तिकडचीच नावं दिली, हे त्यांना ठाऊक होतं. खुपलं ते वेगळंच. "आपलीही माणसं इथे कोलू फिरवून गेली. पुण्याची एखादी पेठ नको इथे?"

"कोणती देणार?" काकूंनी मागून विचारलं. काका चिडिया टापू येईपर्यंत विचार करत होते. बहुधा सदाशिव की नारायण, यावर गाडी अडली असावी.

चिडिया टापूच्या किनाऱ्यावर मोठाले वठलेले वृक्ष आडवे पडलेले आहेत. 2004 च्या भूकंपानंतर या बाजूची जमीन खचली आणि समुद्र आत आला, असं ड्रायव्हरनं सांगितलं. तो तेव्हा शाळेत होता. काकांनी त्याला पहिल्यांदाच यादीबाहेरचे प्रश्न विचारले. घर कुठे होतं, शेत गेलं का, भरपाई मिळाली का, मिळाली तर कधी, आणि कागद जपून ठेवलेत ना. शेवटचा प्रश्न दोनदा. कागद काकूंच्या जिव्हाळ्याचा विषय नाही, पण त्या क्षणी त्याही काही बोलल्या नाहीत.

तिथेच पाटी होती. या पाण्यात मगरी आहेत, उतरू नये. काकांनी ती वाचून मान डोलावली. "बघा. कारण दिलंय, दंड लिहिलेला नाही, तरी कोणी उतरत नाहीये. याला म्हणतात पाटी."

आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. सूर्यास्ताला अजून पाऊण तास. चांगले दगड पाहून आमच्या चार जागा धरून झाल्या. "ग्रुपवाले येतील पाच वाजून दहा मिनिटांनी, सूर्य गेल्यावर," काका समाधानानं म्हणाले.

ग्रुपवाले साडेचारलाच आले. पिवळ्या टोप्या, एक चाळीसेक माणसांची बस, त्यांच्याबरोबर चहाचा थर्मास आणि गरम भजी. मंडळी पुण्याचीच. काकूंना टोप्यांत हुजूरपागेतली वर्गमैत्रीण दिसली आणि त्या उठून गेल्या. पाठोपाठ भज्यांच्या वासानं माझी बायको. मी शिष्टाचार म्हणून थांबलो, पण बशी माझ्याकडेच चालत आली. दगडावर स्वतंत्र असे एकटे काका उरले.

इतक्यात टोपीतल्या एका आजोबांनी त्यांच्या व्यवस्थापकाला विचारलं, "काय हो, इथे इतक्या लवकर सूर्यास्त का होतो?" तो तरुण मुलगा दमला होता. "समुद्र आहे ना काका, त्यामुळे," तो म्हणाला.

एवढं पुरे होतं. आमचे काका दगडावरून उठले. पृथ्वी, तीनशे साठ अंश, चोवीस तास, अंशाला चार मिनिटं. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं, म्हणून पुण्याला उशिरा आणि इथे लवकर. आजोबांना कळलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग काका थोडे उंच दगडावर चढले. मागून "पुन्हा सांगा हो" आलं. पाच मिनिटांत सगळ्या पिवळ्या टोप्या त्यांच्याभोवती होत्या. सूर्य टेकताना "उंच माणसं मागे, बायका पुढे, ती पिशवी बाजूला करा" असं म्हणत त्यांनीच सगळ्यांना फोटोसाठी ओळीत उभं केलं. व्यवस्थापकानं बूट काढले होते आणि तो निवांत चहा पीत होता. निघताना काकांनी माणसं मोजून बसमध्ये बसवली. एक कमी भरत होतं, ते काकांनी झाडामागून शोधून आणलं.

काकू गाडीत बसता बसता माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांना गर्दीचा त्रास नाही गं. शिट्टी दुसऱ्याच्या हातात असली की होतो."

हॉटेलला पोचल्यावर मीटरवर त्रेसष्ट किलोमीटर झाले होते. वरच्या तीन किलोमीटरचे पैसे काकांनी कापले. मग पाकिटातून ती कापलेली रक्कम आणि वर शंभराची नोट काढून ड्रायव्हरच्या हातात ठेवली. "ये भाडा नहीं है. हिशेब में मत धरो."

आता लक्षद्वीप ठरतंय. तिथे जायला प्रवेशपरवाना लागतो, त्याचा अर्ज करावा लागतो, हे कळल्यापासून काकांचा चेहरा उजळला आहे आणि नवी फाइल निघाली आहे. आमच्या घरी पुढच्या हिवाळ्यात लग्न आहे, त्यामुळे गाडीतल्या दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाला जायचं असेल तर काका रोज सकाळी साडेसहाला तळजाईच्या टेकडीवर भेटतात. जरूर भेटा. माहिती खरी मिळेल, दर योग्य मिळेल, फसवणूक होणार नाही. खिडकी मात्र मागू नका.