इंग्रजी शब्दाचा अर्थ लावण्याची खात्रीशीर पद्धत

हे मार्गदर्शन इंग्रजी येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना ती भाषा अजिबात येत नाही त्यांना फारसा धोका नसतो. ते सरळ विचारतात, समोरचा मराठीत सांगतो, काम होतं. धोका आहे तो शब्दाचा एकच अर्थ पाठ असलेल्या माणसाला. दुसराही अर्थ असेल अशी शंका त्याला शिवत नाही आणि तो सही करून मोकळा होतो.

पहिली पायरी : शब्दकोश कपाटात ठेवून द्यावा. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या एका शब्दाच्या नोंदीला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले. तेवढ्यात एक बेताची कादंबरी होते, आणि तिच्यात निदान कुणाचं तरी लग्न तरी लागतं. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने 'सेट'वर मात केली. त्याचे ६४५ अर्थ भरले. ते लावायला पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसले होते. जे त्यांना नऊ महिन्यांत उलगडलं, ते तुम्हाला खिडकीपाशी रांगेत उभं राहून अर्ध्या मिनिटात उलगडणार नाही.

यावर इंग्रजांना हसू मात्र नये. आपण दार लावतो म्हणजे बंद करतो आणि पंखा लावतो म्हणजे सुरू करतो. शिवाय झाड लावतो, कुकर लावतो, तंबोरा लावतो, पोरांना शिस्त लावतो, आणि यातलं काही जमलं नाही की वाट लावतो. 'परवा' म्हणजे कालच्या आधीचा दिवस की उद्याच्या नंतरचा, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही, आणि मराठीत क्रियापद येतं शेवटी. तोवर पाहुणा येऊन गेलाय की यायचाय, याचा अंदाज घरच्यांनी बांधायचा.

आता मुख्य पद्धत. इंग्रजी शब्द कानावर पडला की शब्दाकडे न बघता पैशाकडे बघावं. पैसे कोणाच्या खिशातून निघून कोणाच्या खिशात चाललेत हे कळलं की पुष्कळसं काम झालं. 'अर्थ' म्हणजे मतलब आणि 'अर्थ' म्हणजे पैसा, ही सोय आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवली आहे.

उदाहरणार्थ, बँकेतला तरुण फोनवर 'सर, इंटरेस्ट आहे का?' असं विचारतो तेव्हा तो तुमच्या मनाची चौकशी करत असतो. तुम्ही हो म्हणालात की त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सुरू होतो आणि तो दरमहा भरायचा असतो. डॉक्टर रिपोर्ट बघून 'फाइन' म्हणाले तर हसावं. चौकातला हवालदार 'फाइन' म्हणाला तर ती प्रकृतीची विचारपूस समजू नये. दोन्ही 'फाइन' एकाच घराण्यातले, शेवट या अर्थाच्या 'फिनिस' या लॅटिन शब्दापासून निघालेले. तडीस गेलेलं काम ते उत्तम, आणि प्रकरण मिटवायला मोजलेली रक्कम तो दंड. डॉक्टरांचीही फी असतेच, त्यामुळे खिशाच्या दृष्टीने फरक थोडाच.

'चार्ज' या शब्दावर जरा थांबावं लागेल. नवे साहेब सोमवारी चार्ज घेतात, मंगळवारी त्यांच्या हुकमाने लाठीचार्ज होतो, पुढे कुणावर तरी चार्जशीट दाखल होते. या गडबडीत मोबाइल चार्ज करायचा राहतो आणि हॉटेलात सर्व्हिस चार्ज लागतो तो वेगळाच. यात गोंधळण्यासारखं काही नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गाडीवर माल लादणे असा होता. पदभार, आरोप, वीज, पैसे, काहीही असो, कोणी तरी कोणावर तरी काही तरी लादत असतं. आपण गाडी आहोत की हमाल, एवढंच ओळखायचं.

'सँक्शन'च्या बाबतीत विद्यार्थी हमखास अडखळतात. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं आणि एखाद्या देशावर सँक्शन लागले म्हणजे त्याची नाकेबंदी झाली. मग शब्द एकच कसा? यावर वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाला विचारावं. त्याला या दोन अर्थांत विरोध दिसत नाही. 'ओव्हरसाइट'चंही तसंच. तो शब्द देखरेखीलाही चालतो आणि नजरचुकीलाही. ओव्हरसाइट समितीच्या ओव्हरसाइटमुळे घोटाळा झाला, हे निर्दोष इंग्रजी वाक्य आहे.

या पद्धतीची कसोटी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात १९६० साली लागली. एका स्विस कंपनीने तिथल्या विक्रेत्याकडून गोठवलेलं 'चिकन' मागवलं. माल आला. लहान वजनाचे पक्षी ठीक होते. मोठ्या वजनाचे निघाले जून, तासन्‌तास उकळायच्या लायकीचे. खरेदीदार म्हणाला, चिकन म्हणजे भाजता-तळता येईल अशी कोवळी कोंबडी. विक्रेता म्हणाला, कोंबडीच्या जातीचं जे जे काही ते चिकन. न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे मुळात प्रश्न उरला तो एवढाच, की चिकन म्हणजे काय. त्यासाठी शब्दकोश झाले, व्यापारातला रिवाज झाला, सरकारी कृषी खात्याचे नियम झाले, आधीच्या तारांमध्ये आलेल्या जर्मन शब्दाची चिकित्साही झाली. शेवटी खरेदीदाराला आपला कोवळा अर्थ सिद्ध करता आला नाही आणि तो हरला. हा खटला अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. आपल्याकडे मटणाच्या दुकानात माणूस 'कोवळं दे हं' असं आधीच बजावतो, म्हणून इथे एवढा मोठा न्यायनिर्णय होऊ शकला नाही.

पैसा मध्ये नसेल तेव्हा माणूस कुठला आहे ते बघावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी एका बैठकीत 'टेबल' या शब्दावरून बराच वेळ कडाकडा भांडले, असं चर्चिल यांनीच नोंदवून ठेवलंय. ब्रिटिशांच्या लेखी कागद 'टेबल' करणं म्हणजे तो ताबडतोब चर्चेला घेणं. अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवून देणं. दोघांनाही चर्चाच हवी होती. आपल्या विधिमंडळात अहवाल पटलावर ठेवतात तेव्हा हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात.

यंत्राकडून अर्थ लावून घेण्याची हौस असलेल्यांनी यंत्र-भाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांचं एक वाक्य जवळ ठेवावं. तेही त्या चिकनच्या खटल्यासारखं १९६० चंच. एका मुलाची खेळण्यांची पेटी हरवते आणि ती शेवटी 'पेन'मध्ये सापडते. लेखणीत पेटी कशी मावेल? इथे पेन म्हणजे लहान मुलांना खेळायला सोडतात तो कठडा. पेटी केवढी आणि लेखणी केवढी हे ज्ञान यंत्राला कुठून येणार, असा त्यांचा सवाल होता. हल्लीची यंत्रं हे वाक्य बहुतेक वेळा बरोबर सोडवतात. आपल्यातल्या किती जणांना तो कठडा आठवला असता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बोललेल्या शब्दाबाबत मात्र ही पद्धत तोकडी पडते. १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनजवळच्या क्रॉयडन इथे चोरीसाठी एका गुदामाच्या छपरावर चढलेल्या दोन मुलांना पोलिसांनी गाठलं. सोळा वर्षांच्या क्रिसच्या हातात पिस्तूल होतं. एकोणीस वर्षांचा डेरेक बेंटली पोलिसांच्या ताब्यात आला होता. पोलिसांनी साक्ष दिली की बेंटली ओरडला, 'दे त्याला, क्रिस!' पिस्तूल देऊन टाक, की गोळी घाल? मराठीतही हे वाक्य दोन्हीकडे वळतं. आपण असं बोललोच नाही, असं बेंटली म्हणत होता आणि क्रिसही तेच सांगत होता. एक पोलीस मारला गेला होता. क्रिस वयाने लहान म्हणून फासातून वाचला. बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी दिली. त्याची दोषसिद्धी अपील न्यायालयाने रद्द केली १९९८ साली.

ओरडलेल्या वाक्याला व्याख्येचं पान जोडता येत नाही. कागदाला येतं, तेवढं तरी वाचावं. करारात ते बहुधा सुरुवातीलाच असतं, आपल्या पुष्कळ कायद्यांत कलम २ मध्ये. कोणत्या शब्दाचा काय अर्थ धरायचा ते तिथे ओळीने दिलेलं असतं, आणि सगळ्यांच्या वर बारीकशी अट असते : संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर. सही करण्याआधी ती अट दोनदा वाचा, आणि संदर्भ कोण ठरवणार आहे ते विचारून घ्या.