रिलीव्हर आल्याशिवाय

चार दिवस घराला कुलूप लावून बाहेर पडायचं म्हटलं की तुमच्याआमच्या जिवाला एकच घोर असतो, गॅस बंद केला का? गाडी तळेगाव सोडते, कामशेत येतं आणि कुणीतरी विचारतंच. "केलाय हो, मी स्वतः बघितलाय," असं मागल्या सीटवरून उत्तर आलं तरी लोणावळ्यापर्यंत विचारणाऱ्याचा चेहरा उतरलेलाच. पिंपरीगावातल्या आमच्या आप्पांचं सगळं उलटं. त्यांना घोर असतो तो मागच्या पडवीतली कोळशाची शेगडी चालू असेल ना, याचा.

चालू म्हणजे पेटलेली नव्हे. भडकलेली शेगडी आप्पांना बघवत नाही. "शेगडी झोपलेली पाहिजे. मेलेली नको आणि जागी नको," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, भरताचं वांगं भाजतं, पापड भाजतात. बाकी स्वयंपाक त्यांच्या पत्नी माई गॅसवर करतात आणि शेगडीचा विषय निघाला की पदर खोचून दुसऱ्या कामाला लागतात.

या वेडाचं मूळ नोकरीत आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी करत सगळा पट्टाच कारखान्यांनी भरला. आप्पा सातारा जिल्ह्यातून आले ते या भरतीत, आणि एका औषधाच्या कारखान्यात बॉयलरवर लागले. औषधाच्या कारखान्यात वाफेची किंमत काय, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. पेनिसिलिनसारखं औषध बुरशीपासून करतात. ती बुरशी ज्या टाक्यांत वाढवायची त्या टाक्या, त्यांचे पाइप, व्हॉल्व्ह, सगळं आधी वाफेनं निर्जंतुक करावं लागतं. वाफ कमी पडली की भलतेच जंतू आत शिरणार. "आणि मग अख्खी बॅच गटारात!" हे म्हणताना आप्पांचा आवाज आजही घरातलं माणूस गेल्यासारखा येतो. त्यात कायदा. बॉयलरचा कायदा तेव्हा 1923 चा होता, आणि परवानावाला माणूस हजर नसताना बॉयलर चालवायचा नाही हा त्यातला आप्पांचा लाडका भाग. त्यामुळे रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हरची बस चुकली तर डबल ड्यूटी, मग घरी पाहुणे जेवायला थांबलेले असोत की पोराचा वाढदिवस असो.

आप्पा निवृत्त झाले, पण रिलीव्हर काही डोक्यातून गेला नाही.

गावाला निघायच्या आदल्या दिवशी घरात बॅग भरायच्या आधी शेगडी भरली जाते. हा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. आप्पा लुंगी गुडघ्यावर घेऊन पाटावर बसतात. आधी सळईनं खालून खुरपून राख पाडायची, पण सगळी नाही, तळाला थर राहिला पाहिजे. लाल निखारे चिमट्यानं मधोमध गोळा करायचे. त्यांच्याभोवती बाभळीच्या लोणारी कोळशाचे जाड तुकडे, त्यांच्यावर कोळशाची भुकटी आणि शेण कालवून वाळवलेल्या गोळ्या, आणि सगळ्यांवर चाळलेल्या राखेचं दोन बोटं पांघरूण. शेवटी शेगडीच्या तोंडाला पत्र्याचं झाकण, अर्ध्या विटेनं टेकवलेलं, एक बोट फट ठेवून. याला आप्पा 'बँक करणं' म्हणतात. हवा तोडली की कोळसा दमानं घेतो. फट जास्त राहिली तर रात्रीत राख, कमी राहिली तर गुदमरून मेला. एकदा 'एक बोट' म्हणजे कुणाचं बोट, यावरून घोटाळा झाला, तेव्हापासून कपड्याच्या लाकडी चिमट्याचं अर्धं पातं दोरीनं शेगडीला बांधलेलं आहे. ते 'गेज'. ते फटीत घालून बघायचं. मग हाताची मागची बाजू राखेवर धरून, डोळे मिटून, आप्पा निदान करतात, "जीव आहे."

भाच्यानं एकदा भोसरीच्या फाउंड्रीतून प्रेमानं पोतंभर कोक आणून दिला होता. आप्पांनी एक तुकडा उचलून उजेडात फिरवला आणि पोतं परत पाठवलं. "हा कपोल्याच्या भट्टीतल्या वाऱ्याचा गडी आहे. खालून ब्लोअर थांबला की हा मेला. घरात काय कामाचा?"

एका बाबतीत मात्र गंमत चालत नाही. एका थंडीत माईंनी सहज म्हटलं, रात्री शेगडी आत ठेवली तर काय हरकत आहे. आप्पा असे चिडले की चहा तसाच राहिला. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास घालतात. बंद खोलीत कोळशाचा जो विषारी वायू साठतो त्याला ना वास ना रंग, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. म्हणून शेगडी पडवीतच राहते, आणि पडवी तिन्ही बाजूंनी उघडी.

एवढं सगळं करूनही निखारा एखादी रात्र काढतो, चार दिवस नाही. म्हणून शेजारचा बंड्या रिलीव्हर. दहावीत असल्यापासून तो चार्ज घेतो. चार्ज तोंडी होत नाही, जुन्या पाठकोऱ्या कागदांवर लॉगबुक आहे. वेळ, राख पाडली का, गोळ्या किती, सही. बंड्याच्या नोंदी मोजक्या, 'सकाळी 7. जीव आहे.' पण एका संध्याकाळी त्यानं नुसतं 'मांजर' लिहून सही केली होती. परतल्यावर आप्पांनी त्याला बोलावून घेतलं. "मांजर म्हणजे काय? नॉर्मल का अबनॉर्मल?" मांजर उबेला येऊन विटेवर बसलं होतं आणि वीट सरकली होती, एवढंच. त्या दिवसापासून वीट तारेनं बांधलेली आहे.

वाईच्या एका लग्नात तर कहर झाला. अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या कडेला उभे राहून आप्पा फोनवर, "कशी आहे? जीव आहे ना? रात्र काढेल का? अंगावर पांघरूण नीट आहे? फार हलवू नकोस तिला." शेजारच्या पाहुण्यांनी हळहळून खांद्यावर हात ठेवला. "वायसीएम हॉस्पिटलला ठेवलंय का? गाडी काढू का?" आप्पा म्हणाले, "नको, घरीच आहे. पोरगा बसलाय जवळ." नवऱ्याकडच्या चारपाच मंडळींनी मग माईंना गाठून सांत्वन केलं. माई आधी घाबरल्या, नंतर काय ते कळलं, आणि जेवणाच्या पंगतीत आप्पांच्या शेजारी बसल्या नाहीत.

आमच्या गल्लीत एक गुरुजी आहेत. त्यांनी आप्पांना सांगितलं, की अग्निहोत्री माणूससुद्धा परगावी जातो तेव्हा अग्नीची सोय लावूनच जातो. घरी पत्नी किंवा ऋत्विज होम चालू ठेवतात, आणि सगळं बिऱ्हाडच हलायचं असेल तर अग्नी अरणीच्या लाकडांत समारोपित करून बरोबर न्यायचा, मुक्कामी पोचल्यावर मंथन करून पुन्हा काढायचा. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हणजे मधल्या वेळात विस्तव नाही?" गुरुजी म्हणाले, "आहे, पण अरणीत आहे." आप्पांनी मान हलवली. "ते तुमचं शास्त्र. आमच्यात त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात."

शिर्डीला गेले तेव्हा द्वारकामाईतली धुनी बघून मात्र भारावले. रांग ढकलत होती, सेवेकरी "चला, पुढे चला" करत होते, आणि आप्पा त्यांना विचारत होते, "नाइटला कोण असतं?" माईंना दर्शन झालं, उदी मिळाली. आप्पांना उत्तर मिळालं नाही. "संस्थान आहे, माणसं आहेत. एकट्यानं चालवून दाखवा म्हणावं," असं ते परतीच्या एसटीत बऱ्याच वेळानं म्हणाले.

हसायला ठीक आहे, पण गल्लीला ही शेगडी लागतेच. कुणाचा सिलिंडर रात्री संपतो आणि तान्ह्याचं दूध तापवायचं असतं. संध्याकाळी धूप घालायला निखारा लागतो. बाळंतिणीच्या शेकाला, ओवा-बाळंतशेपाच्या धुरीला सगळे इथेच येतात. समोरासमोरच्या दोन घरांतून वर्षानुवर्षं विस्तव जात नाही, पण दोन्ही घरांत विस्तव आप्पांकडूनच जातो, आणि लॉगबुकात दोघांची नावं एकाखाली एक आहेत.

आता बंड्या चाकणला लागलाय, त्याच्याही शिफ्ट बदलत्या. मुलाचा वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तो म्हणतो, इकडे राहायला या. आप्पा विचारतात, "पडवी आहे का?" बाल्कनी आहे, पण सोसायटी कोळसा चालू देत नाही. तेव्हा तो विषय दर दिवाळीला निघतो आणि दर दिवाळीला मिटतो.

मागल्या आषाढी वारीत आप्पा तुकोबांच्या पालखीबरोबर आकुर्डीपासून पुण्यापर्यंत चालले आणि तिथेच भावाकडे दोन दिवस राहिले. रिलीव्हर म्हणून माई. परत आल्यावर आप्पांनी चप्पल काढायच्या आधी लॉगबुक उघडलं. नोंदी चोख होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ, गोळ्या दोन, जीव आहे. सगळ्या एकाच हिरव्या पेनानं, एकाच झोकात. मग पडवीत जाऊन त्यांनी राखेत सळई घातली. राख जेमतेम मूठभर आणि कोपऱ्यात अर्धवट जळलेला वर्तमानपत्राचा कागद, त्याच दिवशीचा.

"कोल्ड स्टार्ट घेतलास," आप्पा म्हणाले.

"घेतला," माई आतून म्हणाल्या. "वांगं भाजून झालंय. हात धुवा आणि बसा जेवायला."