घंटीची वाटी

भाड्यानं सायकली देणाऱ्या मुलीनं विचारलं, “शेवटची सायकल कधी चालवली होतीत?”

मी म्हणालो, “मी पुण्याचा आहे.”

हे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भाचीनं मध्ये पडून ‘तीस वर्षं झाली असतील’ असं काहीतरी सांगून टाकलं आणि त्या मुलीनं लगेच माझी सीट चार बोटं खाली घेतली. वर बॅटरीवाली सायकल देऊ का, हेही विचारून झालं. भाची म्हणाली, “मामा, घे ना. गुडघे तुझेच आहेत.” पण ज्यानं गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवरून डबलसीट सायकल काढली आहे, तो इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये येऊन बॅटरी लावणार?

नाही लावली. आणि पहिले दोन तास तर मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मॉन्सल ट्रेल ही मुळात आगगाडीची वाट. डर्बीशायरच्या चुनखडीच्या डोंगरांतून वाय नदीच्या कडेकडेनं रेल्वे जायची, ती १९६८ साली बंद पडली. रूळ गेले, पूल आणि बोगदे राहिले. बोगदे धोक्याचे म्हणून पुढं कित्येक वर्षं बंदच होते. २०११ मध्ये दिवे लावून ते उघडले. आता बक्स्टनच्या बाजूच्या ब्लॅकवेल मिलपासून बेकवेलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे चौदाएक किलोमीटर, एकही मोटार नाही. मोटारसायकल नाही, रिक्षा नाही, उलट्या बाजूनं येणारा दूधवाला नाही. मागून कोणी हॉर्न वाजवत नाही, या गोष्टीची मानेला सवय व्हायला अर्धा तास लागला. तोवर मी दर मिनिटाला उगाचच मागं वळून बघत होतो. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, याचं कुणीतरी मागं राहिलंय.

आणि काय पळत होती सायकल! मॉन्सल डेलवरचा तो प्रसिद्ध पूल आला तेव्हा मी भाचीच्या बराच पुढं होतो. रस्किन नावाचे एक मोठे लेखक या रेल्वेवर भयंकर चिडले होते. बक्स्टनच्या मूर्खांना बेकवेलला अर्ध्या तासात पोचता यावं म्हणून एवढी सुंदर दरी नासवली, अशी त्यांची तक्रार. आता तो पूलच जपण्यासारखी वास्तू ठरला आहे, आणि लोक त्याचा फोटो काढायला लांबून येतात. मी बक्स्टनच्याच बाजूनं आलो होतो, पण अर्ध्या तासात नव्हे. त्यामुळं ती तक्रार मला लागू होत नाही.

बेकवेलला पोचल्यावर पुडिंग खाल्लं. तिथं एकाहून अधिक दुकानं सांगतात की पुडिंगची अस्सल कृती आमच्याकडेच आहे. क्षणभर सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तेवढी शोधूनही सापडली नाही.

मग परत निघालो, आणि मला कळलं की आपण आत्तापर्यंत उतारावर होतो.

आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेवाले चढ मैलोन्‌मैल पसरून टाकतात. तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना दिसतो. सकाळी ज्या वेगाला मी माझी पुण्याई समजत होतो ती इंग्लंडच्या भूगोलाची होती. भाचीला हे आधीपासून माहीत होतं. “सांगितलं असतं तर तू बॅटरीवाली घेतली असतीस?” तिनं विचारलं. नसती घेतली. पण सांगायला हवं होतं.

आता घंटीबद्दल. खरं म्हणजे हा लेख मी घंटीबद्दलच लिहायला घेतला होता.

इंग्लंडमध्ये नवी सायकल विकताना तिला घंटी असलीच पाहिजे असा कायदा आहे. घरी नेल्यावर ती ठेवलीच पाहिजे असा मात्र नाही. म्हणजे घंटी ही लग्नातल्या फेट्यासारखी, कार्यापुरती. शिवाय या वाटेवर सायकलवाल्यांबरोबर चालणारे असतात, लांब दोरीची कुत्री असतात, बाबागाड्या असतात. मागून घंटी वाजवावी की नाही, हा तिथं मोठा नाजूक प्रश्न आहे. वाजवली तर ‘बाजूला व्हा’ असं उर्मटपणे म्हटल्यासारखं होतं. नाही वाजवली तर माणूस दचकतो. भाचीची पद्धत अशी की लांबूनच एकदा हलकेच ‘ट्रिंग’, मग वेग कमी, मग ‘थँक्यू’. पुढचा माणूस ‘सॉरी’ म्हणतो. मी म्हटलं, “अगं, तो सॉरी कशाबद्दल?” ती म्हणाली, “रस्त्यावर असल्याबद्दल.”

आमच्या कॉलेजात घंटीचा असला काही प्रश्न नव्हता, कारण घंटीला वाटीच नसायची. स्टँडवर सायकल लावली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी वरची वाटी फिरवून काढून नेलेली असे. मग आपण शेजारच्याची काढायची. तो त्याच्या शेजारच्याची काढायचा. माझा असा सिद्धांत होता की अख्ख्या पुण्यात सायकलींपेक्षा घंटीच्या वाट्या बरोब्बर एकनं कमी आहेत आणि ती एक कमतरता रोज रात्री गावभर फिरत असते. आज या पेठेत, उद्या त्या पेठेत. ज्याच्याकडे ती मुक्कामाला येई, त्याची घंटी ‘टक टक’ वाजे. माझ्याकडे ती साधारण दीड वर्ष राहिली.

बाबांची वाटी मात्र कधीच गेली नाही. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. रोज जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर, काळी जड सायकल, हँडलला डब्याची पिशवी. त्या वेळी कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा नुसता पूर सुटायचा. त्यातून बाबा वाड्याच्या बोळात वळले की दोनदा घंटी वाजवत. एकदा वळणासाठी आणि एकदा आईसाठी. दुसरी ऐकली की आई चहाचं आधण ठेवी. शंभर घंट्यांत तिला ती ओळखू येई. मलाही येत असे.

निवृत्तीनंतरही ते सायकलनं मंडईत जात. पुढं आमच्या रस्त्याला सायकलींसाठी वेगळी लाल पट्टी आखली. बाबांना केवढा आनंद झाला! महिन्याभरात तिच्यावर मोटारी उभ्या राहिल्या, मग एक वडापावची गाडी आली, मग विजेचा डीपी बसला. बाबा त्या डीपीला वळसा घालून पुन्हा भर वाहतुकीत शिरायचे. एक दिवस मी त्यांना म्हणालो, “बाबा, आता पुरे. काही झालं तर?”

हे खरं कारण नव्हतं. मी नुकतीच चारचाकी घेतली होती आणि सोसायटीत एकानं हसत विचारलं होतं, “काय हो, मुलाकडे गाडी आणि वडील अजून सायकलवर?” मला लाज वाटली होती. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ‘बरं’ म्हणाले. सायकल दोन वर्षं जिन्याखाली उभी होती. नंतर मी ती भंगारवाल्याला दिली. वाटीसकट.

हे सगळं बेकवेलहून परतताना आठवायचं कारण म्हणजे मागून आलेली ‘ट्रिंग’. सत्तरी उलटलेला एक गृहस्थ, ना हेल्मेट ना घट्ट कपडे, साधा स्वेटर, पुढच्या टोपलीत पाव आणि कोथिंबिरीसारखं काहीतरी. बॅटरी नाही. एका लयीत पायडल मारत तो माझ्या शेजारून पुढं गेला. मी बाजूला झालो आणि माझ्या तोंडून आपोआप ‘सॉरी’ निघालं. भाची हसली. मला हसू आलं नाही. मी त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. चढ त्याच्याही मांड्यांना दिसत असणार, पण मागून काही येईल ही धास्ती त्या पाठीवर कुठं दिसत नव्हती.

मग हेडस्टोनचा बोगदा लागला. जवळजवळ अर्धा किलोमीटर, मंद दिवे, आत गारवा. सकाळी इथं पोरं प्रतिध्वनीसाठी ओरडत होती. आता आत कोणी दिसत नव्हतं. भाची माझ्या पुढं, बोगद्याबाहेर पोचली होती. मी पायडल मारणं थांबवलं आणि घंटी दोनदा वाजवली. दगडी भिंतींमधून आवाज लांबवर गेला आणि परत आला.

पुढच्या अंधुक उजेडात कुणीतरी चटकन कडेला सरकलं, आणि एका बाईचा आवाज आला, “सॉरी!”