साखर आधी, पेढा नंतर

चंपाषष्ठीला ओझरला जाणाऱ्याने बसायला जागा मिळेल अशी आशा धरू नये. खंडेरावाची यात्रा, त्यात बारागाड्या ओढण्याचा दिवस. आमची पिंपळगाव बस नाशकात द्वारकेलाच भरली आणि आडगाव येईपर्यंत तिच्यात आणखी एका बसभर माणसं शिरली. अंतर जेमतेम वीस किलोमीटर; पण तेवढ्यात शेजारच्याच्या मुलाचं शिक्षण, पगार आणि अपेक्षा मला तोंडपाठ झाल्या होत्या.

दहावा मैल जवळ आला आणि पुढच्या बाकावरचे फेटेवाले बाबा घामाने डबडबले. काहीतरी असंबद्ध बोलले आणि खिडकीवर कलंडले. कंडक्टरने घंटी मारली, बस कडेला लागली आणि बसमधले झाडून सगळे पुरुष डॉक्टर झाले.

“फीट आहे, चप्पल हुंगवा!” एकाने निदान केलं आणि चप्पलही काढली. ती मात्र दुसऱ्याची. “वारं येऊ द्या, वारं येऊ द्या,” असं ओरडत चौघे खिडकी अडवून उभे राहिले. कुणीतरी पिशवीतून कांदा काढला. लासलगाव ज्या तालुक्यात आहे त्या निफाड तालुक्याच्या हद्दीवर कांदा निघायला कितीसा वेळ लागणार? चौथ्याने पाण्याची बाटली बाबांच्या तोंडाशी नेली.

“पाणी नको! शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनळीत जातं.”

आवाज मागच्या बाकावरून आला. जरीची साडी, गजरा, हातात भंडाऱ्याची पुडी. “मी नर्स आहे. आज सुट्टी आहे माझी,” बाई म्हणाल्या, “सरका.” ‘पुढे सरका’ म्हणून कंडक्टर रोज घसा कोरडा करतो, तरी जी गर्दी हलत नाही, ती त्या एका शब्दावर दुभंगली.

बाईंनी मनगट धरलं. “बाबा, ऐकू येतंय का? शुगर आहे का तुम्हाला?”

बाबा पुटपुटले. उत्तर नातवाने दिलं, “आहे ना. सटीचा उपास आहे त्यांचा, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय काही खात नाहीत. पण गोळी घेतली हो सकाळी, गोळी कधी चुकवत नाहीत!”

बाईंनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या. अन्न बंद आणि गोळी चालू, म्हणजे साखर खालीच जाणार. माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, बरळतो. मग लोक त्याला दारू प्यायलेला तरी समजतात, नाहीतर अंगात आलंय म्हणतात. यात्रेच्या बसमध्ये दोन्ही पक्षांचे जाणकार हजर होते.

बाबांना गिळता येतंय याची खात्री करून बाईंनी गोड मागितलं. एका आजींनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. “आधी साखर, पेढा नंतर. खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश उतरते,” असं म्हणून बाईंनी पलीकडच्या पोराच्या हातातली फ्रुटी काढून घेतली. त्यानंतर बसमधला सर्वांत गंभीर रुग्ण ते पोर होतं. शेवटी पेढा त्याला मिळाला.

एक तरुण मोबाइलवर चित्रीकरण करत होता. बाई वळूनही न बघता म्हणाल्या, “फोन हातात आहेच, तर १०८ लाव.” २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या या सेवेचा कॉल पुण्याला जातो. पलीकडून अगदी शहाणा प्रश्न आला: कोणतं ओझर? कारण पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ विघ्नहराचं ओझर आहे. मग बसमध्ये परिसंवाद सुरू झाला. “अष्टविनायकाचं नाही, विमानांचं सांग!” “ओझर मिग म्हण, मिग!” १९६४ मध्ये मिग-२१ साठी इथे एचएएलचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला शेपूट चिकटली. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. गावाच्या नावातलं मिग मात्र अजून सेवेत आहे. अखेर कंडक्टरने फोन घेतला: “नाशिक जिल्हा, तालुका निफाड, आग्रा रोड, दहावा मैल.” पत्ता सांगावा तर कंडक्टरनेच.

पंधरा मिनिटांत बाबांचे डोळे ताळ्यावर आले. पहिलं वाक्य: “बारागाड्या चुकतील.” उठायलाच लागले. बाईंनी खांद्याला धरून बसवलं. “काही गोळ्यांचा अंमल तासन्‌तास राहतो, बाबा. साखर पुन्हा उतरेल. खंडेराव थांबतील, शुगर थांबायची नाही.”

रुग्णवाहिका आली. काय झालं, काय दिलं, कधी दिलं हे बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि बाबांना रुग्णवाहिकेच्या हवाली केलं. त्या जागेवर परतताच चार मनगटं पुढे आली. “सिस्टर, जरा माझीही नाडी...” चप्पल काढणारा त्यांत पहिला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

बस सुटल्यावर कंडक्टरने हिशेब जुळवला. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणून त्यांचा प्रवास मोफत. बाईंना महिला म्हणून निम्मं तिकीट. पूर्ण भाडं भरलेले आम्ही सगळे सल्लागार.