पाचवा लागला हो!

"अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला. सुनेला पाचवा लागला ना? काल गेटपाशी दिसली, चेहरा कसा तुकतुकीत झालाय! नाहीतर मागच्या महिन्यापर्यंत तुमच्याकडे फोडणी पडली की तिची ओकारी इथवर ऐकू यायची."

"लागला की. आता अन्न गोड लागतंय तिला. परवा रात्री साडेदहाला मिसळ हवी म्हणाली. चिरंजीव लगेच गाडी काढून घेऊन आले. मग काय, छातीत जळजळ म्हणून निम्मी रात्र दोघं उशांना टेकून बसलेले!"

"जळजळ होणारच. पोट वर ढकललं जातं, शिवाय या दिवसांत जठराचं तोंडही जरा सैल पडतं. मिसळ दुपारी खा म्हणावं. बरं, मोठी सोनोग्राफी झाली?"

"झाली बाई. १८ ते २० आठवड्यांतच करायची म्हणून डॉक्टरीणबाई मागेच लागल्या होत्या. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, सगळं बघितलं. बाळ म्हणे ३०० ग्रॅमच्या आसपास. सगळं ठीक, पण रिपोर्टात लिहिलंय वार खाली आहे. झालं! आमच्या नणंदबाईंनी सांगलीहून फोनवरच तिला पलंगावर झोपवून टाकलं."

"अगं बाई! डॉक्टरांनी सांगितलं का झोपून राहायला?"

"नाही हो. नेहमीची कामं कर म्हणाल्या."

"मग नणंदबाईंचं कशाला ऐकता? या आठवड्यांत बऱ्याच जणींची वार खालीच दिसते. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते. माझ्या भाचीचं अगदी हेच. तिची बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा बघितली, तर सरकलेली. मात्र रक्त दिसलं तर फोनाफोनी करत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, तरीही तेच."

"हो, ते कार्डावरच लिहून दिलंय. पण ताई, आमच्या जाऊबाई म्हणतात पोट टोकदार आहे, मुलगाच."

"पहिलटकरणीचं पोट तसंच दिसतं. स्नायू घट्ट असतात ना! मुलगा-मुलगीचा काय संबंध? सोनोग्राफीवाल्याला खोदून विचारलं नाहीत ना कुणी? १९९४ चा कायदा आहे, सांगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होते. हौसच असेल तर डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवा. आयर्नच्या गोळ्या घेते का?"

"घेते की, सकाळच्या चहाबरोबर."

"चहाबरोबर? मग अंगी काय लागणार, कपाळ! लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी. दोन्ही एकदम पोटात गेल्या तर लोह नीट शोषलं जात नाही."

"हे आम्हाला माहीतच नव्हतं. संडासला काळं होतं म्हणून ती घाबरली होती ते वेगळंच."

"ते गोळीमुळेच. आता पुढच्या महिन्यात साखरेची तपासणी येईल बघा, २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० च्या आत हवा."

"आमच्या घरात कुणालाच साखर नाही हो."

"नसू दे. वारेतल्या हार्मोन्समुळे एरवी धडधाकट बाईलाही वाढते, आणि कळतसुद्धा नाही. या महिन्यांत बाईला बरं वाटतं ना, म्हणूनच तारखा चुकतात. डोहाळजेवणाचा हॉल मात्र दोन महिने आधी बुक असतो!"

"आमचा झालाय बुक."

"वाटलंच! बाळ हलल्याचं कळलं का?"

"आठवडाभर गॅसच समजत होती. बुडबुडे फुटल्यासारखं वाटतं म्हणाली. आता हा रोज पोटाला हात लावून बसतो, त्याला काहीच लागत नाही, मग रुसतो."

"बाहेरून हाताला लागायला थोडा वेळ जातो. तोवर काहीतरी कामाला लावा त्याला."

"मोबाइल पोटाजवळ धरून मंत्र ऐकवतो ना! गर्भसंस्काराच्या क्लासची फीसुद्धा भरून आलाय."

"बाळाला आवाज नीट कळायला अजून अवकाश आहे. त्यापेक्षा रात्री तिच्या पिंढऱ्या चोळून दे म्हणावं. पेटके येतात या दिवसांत."

"तेही सांगून झालं. काल चोळायला बसला आणि तिच्या आधी हाच घोरायला लागला!"