पोरगं नव्हे, साखर कारखाना!

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत रिवाज एकच. कारखान्याचं कर्ज थकलं की मुंबईत बैठक लागते. पोराचं थकलं की बापाला बँकेत बोलावणं येतं. कारखान्याला सरकारची थकहमी, पोराला बापाची सही. म्हणून कराड-वाळव्याकडच्या पालकांना आमचा फुकटचा सल्ला: पोराला इंजिनिअरिंगला घालण्याआधी सहकारी साखर कारखाना म्हणून त्याची नोंदणी करून टाका.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोर्स संपून वर्ष झालं की सुरू, नोकरी लागो न लागो. कारखाना बंद पडला तर तो 'आजारी', त्याच्या कर्जाचं पुनर्गठन. पोरगं हिंजवडीत पंधरा हजारांवर राबतंय, त्याला आजारी कोण म्हणणार? ते थकबाकीदार!

साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सहसा तारण लागतं. बाप सातबारा घेऊन जातो. साहेब उतारा उलटसुलट करून विचारतात, "एनए प्लॉट नाही का, काका?" कारण २००२च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली, बँकेला ती परस्पर विकता येत नाही. जमीन वाचली, ॲडमिशन तेवढं गेलं.

राजकारण्यांना कळवळा नाही असं नाही. २०२४च्या लोकसभेला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात शैक्षणिक कर्जमाफी होती. सत्ता आली नाही, विषय मिटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी आणली: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, पण कॉलेज सरकारी यादीत हवं. अमेरिकेत बायडेन यांनी मोठी कर्जमाफी काढली, ती २०२३च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उडवली. त्याच जूनमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोडीची वाट मोकळी केली. आमच्या पोरांचं चुकतं ते इथंच. ती अजाणता बुडवतात.

याच मुलखात लक्ष्मीबाई पाटलांनी पती कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली पोरं जेवावीत म्हणून मंगळसूत्र मोडलं होतं. मंगळसूत्र आजही शिक्षणाच्याच कामी येतं. गोल्ड लोनच्या खिडकीवर गहाण पडतं आणि एज्युकेशन लोनचा हप्ता भरतं. एका कर्जाने दुसरं फेडायची ही युक्ती कारखान्यांचीच, म्हणजे निम्मी नोंदणी झालीच म्हणायची.

अडचण एकच. कारखाना म्हटला की चेअरमन आला. घरात निवडणूक बिनविरोध होईलसं वाटत नाही. धाकट्या चुलत्याने आत्ताच पॅनेल बांधायला घेतलंय.