वाढत्या मापाची सायकल

आमच्या माहेरी मापाचं असं काही कधी आलंच नाही. पाचवीत शिवलेला शाळेचा स्कर्ट आठवीपर्यंत पुरवायचा, म्हणून त्याला आतून चार बोटं दुमड घातलेली असे. दर जूनमध्ये आई एकेक बोट उसवायची. आठवीत त्या निळ्या स्कर्टवर तीन गडद पट्टे उमटले होते आणि माझी तीन वर्षांची वाढ कुणालाही लांबून वाचता येत होती. बुटांच्या टोकाशी कापूस, स्वेटरच्या बाह्यांना दोन घड्या.

सासरी आले तर इथेही तोच पंथ, फक्त जास्त कडवा. त्यामुळे सहा वर्षांच्या चिरंजीवांनी सायकलसाठी उपोषण सुरू केलं (भात नको, फक्त आंबा), तेव्हा सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "चांगली २४ची घ्या. वाढत्या अंगाचं पोर आहे. दहावीपर्यंत बघायला नको."

माझ्या पोटात गोळा आला. कारण मी सायकल शिकले ती बाबांच्या बावीस नंबरी काळ्या सायकलवर. बावीस हा नुसता फ्रेमचा आकडा. चाकं तर २८ची. सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. डावीकडे लोंबकळायचं, उजवा पाय नळीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर टाकायचा आणि खेकड्यासारखं हाफ पेडल मारत निघायचं. निघणं सोपं होतं, पंचाईत थांबण्याची. पाय जमिनीला पुरत नसल्यामुळे मला थांबायला कुणाचा तरी ओटा लागे. ओटा नसला तर विजेचा खांब, आणि खांबही नसला तर भाजीवाली. वर्षभर माझ्या गुडघ्यांना हळदीचा लेप होता. मी सायकल शिकले असं सगळे म्हणायचे. खरं तर मी पडायला शिकले होते.

नवऱ्याचा स्वभाव वेगळा. तो चहाची साखरही सपाट चमच्याने घालतो. त्याने शोध लावला, की मुलांच्या सायकलींचा १२, १४, १६, २०, २४ हा आकडा चाकाचा, इंचांतला. पण बघायचं असतं ते पायाचं आतलं माप. मूल अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं.

"पुस्तक? पायांत?" सासूबाई देवघरातून ओरडल्या. "विद्या आहे ती! आधी नमस्कार कर."

चिरंजीव वाकले. माप चुकलं. पुन्हा उभे केले. शब्दकोश पायाला लागला, पुन्हा नमस्कार. ५२, ४८, ५१ असे तीन आकडे आल्यावर तह झाला आणि विद्येऐवजी मिठाईचा खोका घेतला. माप आलं ५० सेंटिमीटर.

दुकानदार जुना, मुरलेला. सासूबाईंच्या आग्रहाखातर त्याने २४ची काढून पोराला वर बसवलं. चिरंजीव तिथे हत्तीवरून साखर वाटायला निघाल्यासारखे दिसत होते. पाय मात्र अधांतरी. मग त्याने १६ची काढली. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. "आता ब्रेक दाब," तो म्हणाला. बोटं पोचली, दाबलीही. "घ्या. पाय टेकतायत, ब्रेक दाबतोय. आणखी काय पाहिजे?"

"आणि पुढच्या वर्षी?" सासूबाईंचा रास्त सवाल.

"या वयात पोर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, आजी, आणि ती सगळी काही पायांत जात नाही. सीट वर घ्यायची. दोन-तीन वर्षं जातील."

घरी आल्यावर नवऱ्याने पहिली गोष्ट केली, ती म्हणजे नव्या सायकलची पायडलं काढायला घेतली. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचं जे पहिलं वाहन चालवलं, त्याला पायडलं नव्हतीच, पायाने जमीन रेटत जायचं, असं त्याचं व्याख्यान झालं. आधी तोल, मग पायडल. उजवं पायडल सहज निघालं. डाव्याने मात्र अर्धा तास दाद दिली नाही. पाना घसरला, अंगठा सोलला, शेजारी जमले. शेवटी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला येऊन म्हणाला, "साहेब, डाव्याला उलटे आटे असतात. तुम्ही घट्ट करताय."

पुढचा आठवडाभर सोसायटीत एकच चौकशी होती, "पायडलं चोरीला गेली का हो?" सासूबाई जिना बदलून जायच्या. आठव्या दिवशी चिरंजीव दोन्ही पाय उचलून उतारावरून थेट पार्किंगपर्यंत गेले, आणि पाय टेकवून थांबले. भाजीवाली सुरक्षित होती. संध्याकाळी पायडलं पुन्हा बसली.

त्याला आता तीन वर्षं झाली. दर पाडव्याला सीट बोटभर वर जाते. सीटच्या दांड्यावर जिथे जिथे ती आवळली होती, तिथे चकचकीत चरे पडलेत. एकाखाली एक, माझ्या स्कर्टवरच्या पट्ट्यांसारखे. या पाडव्याला पंक्चरवाल्याने दांड्यावरची कोरलेली रेघ दाखवली. याच्या वर घेतलंत तर सीट पोरासकट हातात येईल, म्हणाला.

म्हणून २०ची आली आणि १६ची नणंदेच्या धाकट्याला द्यायचं ठरलं. सासूबाई फोनवर तिला बजावत होत्या, "अशी उगाच नेऊ नकोस. आधी त्याच्या पायाचं माप घे. पुस्तक नको हं, मिठाईचा खोका घे."

नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आणि ऐक," सासूबाईंनी आवाज खाली आणला, "माप आलं की दोन बोटं जास्तच धर."